सोळापट

नंदुरबारला मिरची पथारीवर असते तेव्हा
रेकॉर्डिंगची वेळ पहाटेची.
ऊन चढलं की मिरचीची खाट उठते,
खिडकीच्या फटीत कोंबलेलं गोधडीचं चिंधूक
तिला अडवत नाही.
तरी दित्याबाबा नवापूरकडून एस्टीनं पोचले
तोवर साडेनऊ वाजले होते.

फडक्यातून त्यांनी थाळी काढली, काशाची.
मध्ये मेणाचा गोळा, मेणात उभी काडी.
काडीवरून बोटं खाली ओढत राहिले:
घूं नाही, झूं नाही,
या आवाजाला माझ्याकडं अक्षर नाही.
थाळीवरची कथा मेलेल्या माणसासाठी सांगतात.
ही कोणासाठी, मी विचारलं नाही.
फाइलला नाव दिलं: थाळी एक.

मग प्लगिन.
पडद्यावर लोखंडी पेटी, पेटीवर रंगवलेले स्क्रू,
स्क्रूंवर रंगवलेला गंज,
जणू तीस वर्षं कुणाच्या परसात पडून होती.
ड्राइव्ह तीनवर नेला. ऊब आली.
पाचवर आवाज दारात येऊन उभा राहिला.
सातवर
बाबांचा सूर वर चढताना
मागून एक बारीक शिट्टी खाली उतरायला लागली.

बाबांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला.
"हाऊ कोन शे?"

काय सांगणार.
सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे, बाबा,
त्याच्या निम्म्यावर छत.
थाळी मुळातच बारीक झणकते, त्यात मी तिला तापवली,
सूर छतापलीकडं निघाले;
तिथं जागा नाही म्हणून परत फिरले
आणि भलत्याच तोंडानं खाली आले.
खरा जेवढा वर, तेवढा हा खाली.

मला वाटलं, म्हणतील, राहू दे.
शिट्टी वाईट नव्हती. अंगावर काटा आला होता,
मनातल्या मनात मी तिला नावही ठेवलं होतं.
बाबा म्हणाले, काढ त्याला.
थाळीवर ज्याचं नाव घेतलं तोच येतो.
दुसरा आला तर दारातूनच परत लावायचा,
पाणी विचारायचं नाही.

ओव्हरसॅम्पलिंग, दोनपट.
शिट्टी दूर गेली. गेली नाही.
चार.
आठवर लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा सुटला,
कळ दाबली की सूर
आधी विचार करायचा, मग निघायचा.
सोळावर पडदा पांढरा.

बाबा दुपारच्या एस्टीनं गेले.
नातवाच्या फोनवर पाठव म्हणाले, ऐकतो.

रात्री वाजवायचा नाद सोडला,
नुसती फाइल काढायला लावली, सोळापट.
लॅपटॉप तापला म्हणून त्याच्याखाली
माझी जेवणाची थाळी पालथी घातली,
स्टीलची, मामाच्या लग्नातली, कडेला नाव कोरलेली.
सेकंदाला सात लाख पाच हजार सहाशे तुकडे:
एवढे मोजायचे,
छत उंच उचलायचं,
भरकटलेल्याला वरच्या वर फिरू द्यायचं,
आणि तो खाली उतरायच्या आत
वरचा मजलाच काढून टाकायचा.
शेवटी तुकडे तेवढेच, जेवढे आधी होते.
पथारीवर बायका देठ खुडतात
तसं नाही हे. देठ दिसतो.
इथं पोतंभर आणायचं, पोतंभर टाकायचं,
मूठ तीच,
फक्त तिच्यात आता दुसरं कोणी नाही.

साडेचारला टक्के शंभर.
ऐकलं.
थाळी होती, बाबा होते, तिसऱ्या मिनिटाला
मिरचीचा ठसका होता, बाबांचा,
आणि लगोलग काचेपलीकडं माझा.
दोघांचंही नाव कुणी थाळीवर घेतलं नव्हतं.
कापायला कर्सर तिथवर नेला.
बाहेर पहिली रिक्षा सुरू झाली,
कोणीतरी ओल्या मिरचीचं पोतं ओतलं.

वहीत लिहिलं, पुढच्या वेळेसाठी:
ड्राइव्ह पाच. ऐकताना दोनपट, काढताना सोळा.
ठसका बाबांना विचारून.